प्लीज लावूनही मेल उद्धट का वाटतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं शिक्षण परळच्या मराठी शाळेत, मग बी.कॉम. आता लोअर परळच्या एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. लंडनच्या टीमशी रोज मेलवर काम असतं. व्याकरणाच्या चुका फारशा होत नाहीत, प्रत्येक वाक्यात प्लीज नाहीतर काइंडली असतंच. तरी मॅनेजर म्हणाली की तिकडच्यांना माझे मेल उद्धट वाटतात. तोंडी काही मागायचं झालं तर मी फार लांबण लावतो, असंही तीच म्हणते. दोन्ही एकदम कसं खरं असेल? पुढच्या महिन्यात तिच्याकडेच आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागायचंय. ती दिल्लीची, आमचं बोलणं इंग्रजीतच. कसं विचारू?" सोबत नमुन्याला एक मेल आहे: "डिअर सर, काइंडली सेंड द रिवाइज्ड इन्व्हॉइस. प्लीज डू इट टुडे ओन्ली. इट इज व्हेरी अर्जंट. थँकिंग यू."

दोन्ही खरं असू शकतं, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. ऑफिसात काम करणाऱ्या मराठी मंडळींना इंग्रजी शिकवणं हा माझा व्यवसाय. दर बॅचला तुमच्यासारखे दोन-तीन जण असतात. व्याकरण पक्कं, शब्दसंग्रह बरा, स्वभावाने तर अगदी गरीब. आणि मेल वाचला की वाटावं, हे साहेब हुकूम सोडतायत.

आधी शाळेकडे जाऊ, कारण दोष बराचसा तिथला आहे. आज्ञार्थी वाक्यांचा धडा आठवतोय? "गिव मी अ ग्लास ऑफ वॉटर" ही आज्ञा, आणि त्याच्यामागे प्लीज लावलं की विनंती. झालं. मग प्रयोग बदला: "यू आर रिक्वेस्टेड टू गिव मी अ ग्लास ऑफ वॉटर." गुण मिळाले. पाणी मागायला आलेला माणूस असं बोलला तर यजमान घाबरेल, हे कोणी सांगितलं नाही. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट डोक्यात बसली की कुड हा कॅनचा भूतकाळ. त्यामुळे "कुड यू सेंड" म्हणताना आजही आपल्याला आत कुठेतरी "पाठवू शकलात का" असं ऐकू येतं आणि हात आखडतो.

इंग्रजी कानाला "प्लीज सेंड द फाइल" ही विनंती नाही, नीट कपडे घातलेली आज्ञा आहे. काम होणार हे त्यात गृहीत आहे. प्लीज फक्त सूर मऊ करतं. जिथे काम होणारच आहे किंवा ऐकणाऱ्याच्याच फायद्याचं आहे तिथे ते चपखल बसतं: "प्लीज सिट डाउन", "प्लीज साइन हिअर". पण समोरच्याने आपला वेळ काढून काही करायचं असेल, तर इंग्रजी माणूस वाक्यातच एक फट ठेवतो. "कुड यू", "वुड यू बी एबल टू". नाही म्हणायला जागा आहे असं दाखवतो. बहुतेक वेळा ती जागा नुसती दाखवण्यापुरती असते, पण दाखवावी लागते.

याचा मोठा अभ्यास झालेला आहे. शोशाना ब्लुम-कुल्का, ज्युलिएन हाउस आणि गॅब्रिएल कॅस्पर यांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या भाषांतल्या विनंत्यांची तुलना छापली. त्यांनी ढोबळ तीन पायऱ्या मानल्या: थेट सांगणं, ठरीव आडवळणाने विचारणं ("कुड यू" वगैरे) आणि नुसतं सुचवणं. थेट सांगण्यात अर्जेंटिनातले स्पॅनिश बोलणारे सर्वांत पुढे होते, ऑस्ट्रेलियातले इंग्रजी बोलणारे सर्वांत मागे. म्हणून काही अर्जेंटिनाची माणसं उर्मट ठरत नाहीत. त्यांचा आदर भाषेत दुसरीकडे कुठेतरी ठेवलेला असतो.

आपलाही दुसरीकडेच असतो. "साहेब, तेवढी फाइल पाठवा ना जरा." हे वाक्य हळू वाचा. "साहेब" मध्ये मान आहे. "पाठवा" च्या शेवटच्या आकारात मान आहे, कारण "पाठव" म्हटलं नाही. "तेवढी" ने काम छोटं केलं. "ना" ने आर्जव केलं. "जरा" ने ओझं आणखी हलकं केलं. पाच ठिकाणी काळजी घेतली, आणि वाक्य मात्र सरळ आज्ञार्थी. आता ते इंग्रजीत न्या: "सर, प्लीज सेंड द फाइल." पाचांपैकी सर तेवढे उरले, बाकीच्या सगळ्यांची बदली एकट्या प्लीजवर टाकली. तुमच्या मनात पूर्ण मराठी वाक्य वाजत असतं, म्हणून तुम्हाला ते नम्र वाटतं. लंडनच्या माणसाच्या हातात फक्त उरलेलं पडतं.

काही वेळा तर जे नेतो ते उलटं लागू पडतं. "जरा" चं आपण "जस्ट" करतो: "जस्ट सेंड मी द शीट." आपल्याला वाटतं ओझं कमी केलं, ऐकणाऱ्याला वाटतं हा वैतागलाय. "पाठवाल ना?" चं "यू विल सेंड इट, नो?" होतं. मराठीतला "ना" लाडीगोडीचा, इंग्रजीतला "नो" जाब विचारणारा. आणि "आजच" मधला तो "च" म्हणजे तुमच्या मेलमधलं "टुडे ओन्ली". मुंबईत हे कोणाला खटकत नाही. टेम्सच्या काठावर खटकतं.

हाक मारण्याचंही तसंच. परक्या, वयाने मोठ्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायला आपली जीभ रेटत नाही. काका, ताई, दादा, मॅडम, सर, काहीतरी जोडावं लागतं. एकदा ते जोडलं की पुढे थेट बोलायची मुभा मिळते: "काका, सरका जरा." इंग्रजी ऑफिसात नेमकं उलट. बॉसला सुद्धा सरळ पहिल्या नावाने हाक आणि मग वाक्य सांभाळून. तुम्ही "डिअर सर" लिहून पुढे "सेंड" म्हणता, म्हणजे त्याला नको तिथे मान आणि हवा तिथे नाही. तो स्वतः मेलखाली पहिल्या नावाने सही करत असेल तर तुम्हीही त्याच नावाने सुरुवात करा. आठवडाभर अवघड वाटेल.

मग मॅनेजरने सांगेपर्यंत लंडनहून कोणी काही बोललं कसं नाही? भाषाशास्त्रज्ञ जेनी थॉमस यांनी १९८३ च्या एका लेखात याचं फार नेमकं उत्तर दिलंय. परक्या भाषेत व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, याची भाषा कच्ची आहे. मागण्याची रीत चुकली तर तो म्हणतो, हा माणूस असाच आहे. बोलणाऱ्याचं व्याकरण जितकं चांगलं, तितका संशयाचा फायदा कमी. तुमचं तेच झालंय. मोडकंतोडकं इंग्रजी लिहिणाऱ्याला माफी मिळते; तुम्ही इतकं शुद्ध लिहिता की "प्लीज डू इट टुडे ओन्ली" हे मुद्दाम लिहिलंय असं वाटतं.

आणि आपल्या शिकवण्यात हे का येत नाही, त्याचाही पुरावा आहे. कॅथलीन बार्डोव्ही-हार्लिग आणि झोल्टान डोर्नाई यांनी १९९८ मध्ये विद्यार्थ्यांना संवाद दाखवून विचारलं होतं की यातलं काय चुकलंय आणि किती गंभीर आहे. हंगेरीत बसून इंग्रजी शिकणाऱ्यांना व्याकरणाच्या चुका जास्त गंभीर वाटल्या. अमेरिकेत राहून शिकणाऱ्यांना बोलण्याच्या रीतीतल्या चुका जास्त खटकल्या. आपले वर्ग हंगेरीसारखे. परीक्षेत "कुड यू" ला वेगळे गुण नाहीत, म्हणून तिकडे कोणाचं लक्ष नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, आधी ते पाचवीपासून होतं. चार वर्षं वाढली, पण मागायचं कसं हा धडा काही वाढला नाही.

आता माणसं हे शिकतात कसं ते सांगते, म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात ते कळेल. मचिको अचिबा या जपानी संशोधिकेने आपल्या सात वर्षांच्या मुलीच्या विनंत्या ऑस्ट्रेलियात १७ महिने टिपून ठेवल्या. रॉड एलिस यांनी लंडनच्या शाळेतल्या दोन परदेशी मुलांच्या टिपल्या. अशा अभ्यासांवरून २००२ मध्ये कॅस्पर आणि केनेथ रोझ यांनी पाच टप्पे मांडले. आधी नुसते तुटक शब्द. मग पाठ झालेली तयार वाक्यं आणि आज्ञार्थ. मग ती वाक्यं सुटी होऊन त्यांचे भाग नवीन ठिकाणी वापरता येतात. मग प्रकार वाढतात. आणि शेवटी कोणापुढे कोणतं वापरायचं याचा अंदाज येतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मधला उंबरठा मराठी माध्यमाच्या प्रत्येक माणसाला माहीत आहे: "मे आय कम इन, सर?" ही आपण पहिल्यांदा शिकलेली, बिनचूक, पूर्ण इंग्रजी विनंती. हजारदा म्हटली. पण ती एक अखंड वीट आहे. तिच्यातलं "मे आय" सुटं करून "मे आय हॅव द रिपोर्ट?" म्हणता येईल हे वर्गात सांगितलं की चाळिशीची माणसं सुद्धा चकित होतात. तुमची विटांची भिंत उभी आहे, ती थोडी खिळखिळी करायची आहे. मोठ्या वयात हे आपोआप होत नाही. लहान मूल मैदानात खेळता खेळता उचलतं. ऑफिसातल्या माणसाने मुद्दाम उचलावं लागतं.

तुमच्याकडे मराठीत आधीच एक हत्यार आहे, ते इथे लख्ख चालतं. एखाद्याकडे काही मागायला गेलात की काय म्हणता? "जरा काम होतं तुमच्याकडे." काम आत्ता आहे, तरी "होतं". "मला शुक्रवारी सुट्टी हवी होती." शुक्रवार अजून यायचाय, तरी "होती". आपण भूतकाळ वेळेसाठी वापरत नाही, अंतरासाठी वापरतो: एक पाऊल मागे सरकून मागतो. इंग्रजीतला "कुड", "वुड", "आय वॉन्टेड टू आस्क", "आय वॉज वंडरिंग" हा तोच मागे सरकण्याचा प्रकार. शाळेने कुडला कॅनचा भूतकाळ म्हटलं ते खोटं नाही. या भूतकाळाचा असाही उपयोग असतो, तेवढं सांगायचं राहिलं.

दुसरं हत्यार "मिळेल का". "पाणी मिळेल का?" यात समोरच्याचं नावच नाही, तुम्ही द्या असं कुठे म्हटलंय? इंग्रजीत याच्या जवळ "कुड आय हॅव", "कुड आय गेट" येतात. करणारा तो, पण वाक्याचा कर्ता मी. त्याच्यावर बोट रोखलं जात नाही. अवघड माणसाकडे मागताना "कुड यू गिव मी" पेक्षा "कुड आय हॅव" बरं, असं मी सांगते.

तर तुमचा मेल. माझ्या हाती आला असता तर असा केला असता: "हाय" आणि पहिलं नाव. "कुड यू सेंड मी द रिवाइज्ड इन्व्हॉइस बाय ट्वेल्व टुडे, युअर टाइम? वी नीड इट टू रिलीज द पेमेंट टुमॉरो मॉर्निंग. थँक्स." काइंडली गेलं, ओन्ली गेलं, अर्जंट गेलं. तरी हा मेल तुमच्या मेलपेक्षा जास्त घाईचा आहे, कारण त्यात वेळ आहे आणि कारण आहे. "व्हेरी अर्जंट" म्हणजे तुमची अडचण. "उद्या सकाळी पेमेंट सोडायचंय" म्हणजे त्याला पटेल अशी गोष्ट. लंडनचे बारा म्हणजे आपले साडेचार, हिवाळ्यात साडेपाच, तेव्हा तुम्हालाही हाताशी थोडा वेळ राहतो. "कुड यू प्लीज सेंड" लिहिलंत तरी चालेल, ब्रिटिश लोक अमेरिकनांपेक्षा प्लीज जास्तच वापरतात. पण "कुड यू प्लीज काइंडली" नको. तीन पगड्या एका डोक्यावर.

काइंडलीबद्दल थोडं. हे आपल्याकडे अर्जातून आलंय. "रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती" याचं जुळं भावंड म्हणजे "काइंडली ग्रँट मी लीव". ब्रिटिश अमदानीतल्या कचेऱ्यांची ती भाषा, "डू द नीडफुल" ही तिथलीच. तिकडच्यांनी सोडून दिली, आपण जपून ठेवली. आज लंडनच्या माणसाला काइंडली एकतर आजोबांच्या पत्रातलं वाटतं, नाहीतर सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचं, म्हणजे दटावणीचं. पण म्हणून मुंबईच्या, चेन्नईच्या मेलमधूनही ते हुडकून काढायची मोहीम उघडू नका. भारतातल्या भारतात "काइंडली शेअर" लिहिलं तर सगळ्यांना नीट कळतं, कोणी दुखावत नाही. भारतीय इंग्रजीला तिची स्वतःची रीत आहे आणि ती चुकीची नाही. मेल कुठे जातोय एवढंच बघायचं.

तोंडी बोलण्यात आणखी एक भानगड असते, ती मेलमध्ये दिसत नाही: सूर. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी ब्रिटनमधल्या एका विमानतळाच्या कँटीनचं उदाहरण नोंदवलंय. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायकांबद्दल तक्रार होती की त्या तुसड्या आहेत. त्यांची वाक्यं तपासली तर गुन्हा सापडेना. मांस वाढून घेतलेल्या माणसाला रस्सा हवा का, हे विचारताना इंग्रज वाढपी "ग्रेव्ही?" असा सूर वर नेत. या बायका "ग्रेव्ही." असा खाली आणत. त्यांच्या बोलीत तीच विचारण्याची साधी रीत होती. इंग्रज कानाला मात्र वाटे, ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या. एका शब्दाचा मामला. रेकॉर्डिंग दोन्ही बाजूंना ऐकवल्यावर बायकांना कळलं की आपल्याबद्दल असं का वाटतं, आणि वरिष्ठांनाही कळलं की यात तुसडेपणा नव्हता. तुम्ही "कॅन यू सेंड इट टुडे" हे प्रत्येक शब्दावर सारखा जोर देऊन, शेवटी खाली आपटून म्हणत असाल तर वाक्य बरोबर असूनही आज्ञा ऐकू जाईल. फोनवर स्वतःला रेकॉर्ड करा. ऐकवत नाही, पण ऐका.

आता लांबणीबद्दल, म्हणजे तुमच्यावरचा दुसरा आरोप. आपल्याकडे मागणी शेवटी येते. "मॅडम, काल गावाहून फोन आला होता, आईची तब्येत जरा, म्हणजे तशी बरी आहे, पण भाऊ बाहेरगावी, आणि परवा डॉक्टरांची वेळ मिळालीय, तर..." या "तर" पर्यंत मराठी ऐकणाऱ्याला सगळं कळलेलं असतं आणि तो स्वतःच म्हणतो, "अहो मग जा ना." मागायची वेळच येऊ न देणं हे इथे कौशल्य समजतात. इंग्रजी ऐकणारा मात्र तोवर घड्याळ बघतो. नमनाला घडाभर तेल. त्याला आधी मागणी हवी, मग एक कारण. एकच.

यात फक्त संस्कृती नाही. इंग्रजी शिकणारे, विशेषतः मधल्या पातळीवरचे, मूळ इंग्रजी भाषकांपेक्षा लांब विनंत्या लिहितात, हे डेन्मार्कमधल्या शिकणाऱ्यांवरच्या क्लाउस फेर्ख आणि कॅस्पर यांच्या अभ्यासातही दिसलं आणि जर्मनीत हाउस यांच्याही. कारण सरळ आहे: "आय वॉज वंडरिंग इफ" यासारख्या छोट्या ठरीव तुकड्यावर हुकमत नसली, की ती नम्रता माणूस स्पष्टीकरणातून भरून काढतो. तुमचा उद्धटपणा आणि तुमचं पाल्हाळ या एकाच उणिवेच्या दोन बाजू. मेलमध्ये घाईत असता म्हणून "सेंड" लिहून मोकळे होता, समोरासमोर अवघडता म्हणून आईच्या गुडघ्यापर्यंत पोचता. मधली तीन-चार शब्दांची पट्टी हाताशी नाही.

ती किती लांब हवी हे कसं ठरवायचं? भाषेतल्या नम्रतेचे अभ्यासक पेनेलोपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांचा हिशेब अजूनही कामाचा आहे: समोरचा किती परका, त्याचा अधिकार किती, आणि मागताय ते किती जड. तिन्हींची बेरीज जेवढी, तेवढं आडवळण. त्यांच्या अभ्यासातली एक भाषा तमिळ होती, तेव्हा हे काही फक्त गोऱ्यांपुरतं नाही. यातला अधिकाराचा भाग आपण नको इतका धरतो आणि जडपणाचा भाग सोडतो. साहेबाकडून पेन घ्यायचा असला तरी अजिजी करतो, आणि बरोबरीच्या माणसाकडून तीन तासांचं काम "प्लीज चेक वन्स" मध्ये मागतो. इंग्रजी ऑफिसात बऱ्याचदा उलट दिसतं: पेन "कॅन आय बॉरो दिस?", आणि तीन तासांचं काम शिपायाकडे मागायचं असलं तरी "वुड यू बी एबल टू".

आडवळण आपल्याला जमत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये बसलेल्या माणसाला उभा माणूस विचारतो, "कुठे उतरणार?" त्याला प्रवासाची चौकशी करायची नसते. बसलेला म्हणतो, "ठाणे." जागेचा करार झाला. ना प्लीज, ना विनंती, ना आभार, आणि तिसऱ्या कोणी ती जागा मागितली तर सगळा डबा साक्षीला. हे त्या तीन पायऱ्यांतलं सर्वांत वरचं, नुसतं सुचवणं. इतकं ठरीव झालंय की आता ते आडवळण राहिलंच नाही. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटसाठी खांद्याला नुसता हात लावून "जरा" म्हणतात, तेही तसंच. इंग्रजीची ठरीव वळणं वेगळी आहेत, एवढाच फरक.

ही वळणं समोरून येतात तेव्हा ओळखता आली पाहिजेत, हे जास्त महत्त्वाचं. वर्गातल्या एका मुलाला लंडनच्या मॅनेजरने लिहिलं होतं, "इट वुड बी ग्रेट इफ यू कुड हॅव अ लुक अ‍ॅट दिस बिफोर फ्रायडे." त्याने वाचलं की झालं तर उत्तम, नाही झालं तरी चालेल. शुक्रवारी बोलणी खाल्ली. ती आज्ञाच होती. अधिकार असलेला माणूस इंग्रजीत "डू यू थिंक यू कुड" म्हणाला तर उत्तर "येस" आणि काम सुरू. "व्हेन यू गेट अ चान्स" मध्ये थोडी ढील असते, पण दोन दिवसांत तो चान्स मिळायला हवा. आणि "वुड यू माइंड" आलं की थांबा: हो म्हणायचं असेल तर उत्तर "नो, नॉट अ‍ॅट ऑल". आपण उत्साहाने "येस, येस" म्हणतो, म्हणजे शब्दशः "हो, माझी हरकत आहे". समोरचा समजून घेतो, पण क्षणभर गडबडतो.

सरावासाठी पुस्तक घेऊ नका. लंडनहून तुम्हाला आलेले जुने मेल उघडा आणि ज्यात तुमच्याकडे काही मागितलंय ती वाक्यं वहीत उतरवा, शेजारी लिहा की कोणी मागितलं आणि काम केवढं होतं. पंचवीसेक वाक्यं झाली की नकाशा दिसायला लागेल. त्यातली तीन उचला, एक हलक्या कामाला, एक मधल्या, एक जड. महिनाभर तेवढीच वापरा.

राहता राहिलं घरून काम. मागणी जड आहे, अधिकार तिचा, ओळख मध्यम. तेव्हा जड पट्टी. चालता चालता विचारू नका. आधी वेळ मागा: "डू यू हॅव टेन मिनिट्स टुडे? आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग." बसल्यावर तब्येत-पाणी दोन वाक्यांत, आणि मग मागणी आधी: "आय वॉज वंडरिंग इफ आय कुड वर्क फ्रॉम होम टू डेज अ वीक." इथे श्वास घ्या, आईकडे वळू नका. एक कारण, तेही शक्यतो कामाचं: लंडनचे कॉल रात्री उशिरापर्यंत चालतात आणि लोकलच्या दीड तासात तुम्ही कोणालाच उपलब्ध नसता. मग तुमच्या बाजूने काय देताय: पूर्ण टीम लागेल त्या दिवशी मी येईन. आणि शेवटी तिच्या हातात छोटी गोष्ट: "कुड वी ट्राय इट फॉर अ मंथ?" दोन दिवस कायमचे मागण्यापेक्षा एक महिना देणं कोणालाही सोपं जातं.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, एवढं बघा. "सम पीपल आर वर्किंग फ्रॉम होम दीज डेज" असं म्हणून तिच्याकडे बघत बसलात तर ती म्हणेल "या, ट्रू" आणि लॅपटॉपकडे वळेल. ती "लेट मी सी" म्हणाली तर दिल्ली असो की मुंबई, तो होकार नव्हे हे तुम्हाला माहीतच आहे, त्यावर लगेच दिवस मागा: "शुअर. कुड आय चेक विथ यू ऑन मंडे?" आणि "पुट इट ऑन मेल" म्हणाली तर त्याच दिवशी पाठवा, चार ओळींत, याच क्रमाने. विषयाच्या ओळीत "रिक्वेस्ट" लिहिलंत तर मजकुरात पुन्हा रिक्वेस्ट शब्द नको, आणि खाली "थँकिंग यू इन अ‍ॅन्टिसिपेशन" तर नकोच. अजून तिने दिलेलं काहीच नाही.